करंदीकर सर आणि चार दिवसांची धूळ

करंदीकर सरांच्या घरात पोळी होत नाही. पीठ हा कण आहे, असं त्यांचं म्हणणं. तांदूळ चालतो, कारण तो सांडला तर दिसतो आणि उचलता येतो, पीठ उडतं. म्हणून सोमवारी आणि गुरुवारी त्यांच्या पोळ्या मी माझ्या घरी करते आणि सायकलवरून नेऊन देते. सर ओट्यावर एक ट्रे ठेवतात, एकेक पोळी दोन बोटांत धरतात आणि तीनदा झटकतात. ट्रेमध्ये पडलेलं पीठ ओल्या फडक्याने टिपतात. मग पोळी ताटात.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं, आपलं काही चुकलं. मी घाबरून म्हणाले, "सर, जास्त पीठ लागलं का?"

"लागणारच," सर म्हणाले. "तुझा दोष नाही. पोळीचा स्वभाव आहे."

करंदीकर हे त्यांचं खरं आडनाव नाही. वहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, नाव आणि गावही मी बदललंय. का बदललं ते पुढे कळेल.

न्यूनेन हे नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला चिकटून असलेलं शांत गाव. तिथे सर आणि विद्यावहिनी बावीस वर्षं राहतात. सर संगणकाच्या चिपांची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. तिथे म्हणे अशी एक खोली असते, की आत जाणाऱ्या माणसाने डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालायचा, फक्त डोळे उघडे. धुळीचा एक कण पडला तरी माल वाया. सर आयुष्यभर त्या खोलीत राबले आणि आमची समजूत अशी, की राबता राबता त्यांनी ती खोली घरी आणली.

दारात एक चिकट पायपुसणं आहे. मी पहिल्या दिवशी त्यावर पाय ठेवला आणि आत गेले, चप्पल तिथेच उभी राहिली. त्याच्या पुढे निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या, पायांत घालायच्या. घरात झाडू नाही. "झाडू मारणं म्हणजे धुळीची बदली करणं," सर म्हणतात, "ती रिटायर होत नाही." गणपतीत उदबत्ती नाही, निरांजन बॅटरीचं, रांगोळी चिकटवायची. आणि दिवाणखान्यात, जिथे लोक मुलांचे फोटो लावतात, तिथे एक छोटं यंत्र. त्यावर आकडा येतो. हवेत किती कण आहेत त्याचा. पाहुणा आत आला की आकडा चढतो. सर पाहुण्याकडे न बघता यंत्राकडे बघत म्हणतात, "या, या. बसा. माणूस हा धुळीचा सगळ्यात मोठा कारखाना आहे."

लोक एकदा येतात. दुसऱ्यांदा बाहेर बागेत भेटू म्हणतात.

मला मात्र जावंच लागायचं, आणि पोळ्या हे निमित्त. माझी शाळा आठवीत सुटली. नवरा संतोष आयटीआय झालेला, फिटर म्हणून इथे आला, त्याच्या मागून मी. दौंडच्या पलीकडे कधी गेले नव्हते. इथे गेमेंटेचं, म्हणजे नगरपालिकेचं, पत्र आलं की मला ते उघडवत नाही. प्रत्येक पाकीट मला परत जा सांगणारं वाटतं. संतोष कामावर असतो. मी पाकीट न फोडता सरांकडे नेते. सर ते पाकीट आधी पुसतात, मग फोडतात, मग वाचतात.

"सुमन," ते अतिशय गंभीरपणे म्हणतात, "हिरवी कचराकुंडी आता बुधवारी न्यायला येणार आहेत."

असं सात-आठ वेळा झालंय. एकदाही हसले नाहीत. संतोषची नोकरीही त्यांच्याच शब्दाने लागली. तर या माणसाबद्दल मी वाकडं लिहिणार नाही. जे झालं तेवढं लिहिते.

विद्यावहिनी माणदेशातल्या. पाऊस जिथे पाहुण्यासारखा येतो, तिथल्या. बोलणं सडसडीत. मुलगी आर्नहेमला नोकरी करते. ती आईशी डच बोलते आणि आई तिच्याशी मराठी, दोघींचं छान भांडण होतं. वहिनींच्या मनात एकच गोष्ट: सर येत्या हिवाळ्यात निवृत्त झाले की गावी जाऊन राहायचं. त्यांच्या दादाने गावाबाहेर दोन खोल्या बांधून ठेवल्यात. पुढे अंगण, त्यापुढे माळ.

"अनवाणी चालेन मी," वहिनी म्हणायच्या. "पाय काळे होईपर्यंत."

"तिथे हवेत काय आहे ते मोजलंय का कुणी?" सर म्हणायचे. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हे त्यांचं ब्रीदवाक्य.

हे भांडण फेब्रुवारीत एकदा माझ्यासमोर झालं, डबा माझ्या हातात असताना. वहिनींनी फोनवर एक फोटो उघडून दाखवला. स्पेनच्या उत्तरेला वाळवंटी दऱ्यांचं एक उद्यान आहे. मातीचे डोंगर, कोरड्या घळी, झाड औषधाला नाही. गाडीने फिरायचा खडीचा रस्ता आणि पायी उतरायच्या वाटा.

"चार दिवस," वहिनी म्हणाल्या. "अर्धा दिवस गाडीने, अर्धा पायी. चार दिवसांत तुम्ही 'परत जाऊ' म्हणाला नाहीत, तर आपण गावी राहायला जायचं. म्हणालात, तर मी मरेपर्यंत न्यूनेनमध्ये राहीन आणि गावाचं नाव काढणार नाही."

सर बराच वेळ यंत्राकडे बघत होते. मग म्हणाले, "चालेल."

"सुमन पंच," वहिनी म्हणाल्या. "तिला घेऊन जायचं. नाहीतर हे नंतर म्हणतील, मी म्हणालोच नव्हतो."

मला हो म्हणावं लागलं. संतोष म्हणाला, "जा की. मी खाईन काहीतरी." पण त्या रात्री मला झोप आली नाही. सरांनी चार दिवस काढले तर दोघं गावी जाणार. मग माझी पाकिटं कोण फोडणार? मी पंच होते आणि मनातून एका बाजूची होते. हे आत्ताच सांगून टाकते.

एप्रिलमध्ये निघालो. बेल्जियम, मग फ्रान्स, मग आणखी फ्रान्स. दोन दिवस लागले. सरांनी गाडीच्या हवेच्या जाळ्यांवर आपली वेगळी गाळणी बसवली होती आणि दारांच्या फटींना पट्ट्या. पेट्रोल पंपावर थांबलं की आम्ही उतरायचं, बूट एकमेकांवर आपटायचे, मग चढायचं. एका ठिकाणी आमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या फ्रेंच बाईनेही बूट आपटले. तिला वाटलं, इथला नियम असेल.

उद्यानाजवळच्या खेड्यात एक घर घेतलं होतं. पहिल्या सकाळी गाडी खडीच्या रस्त्याला लागली आणि मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. सगळं पिवळं, मधेच तांबूस, मधेच राखाडी. डोंगरांना कुणी नखांनी ओरबाडल्यासारख्या घळी. एका ठिकाणी मातीचा उंच सुळका, डोक्यावर दगडाची टोपी. वर गिधाडं फिरत होती. वहिनी पुढच्या सीटवर लहान मुलीसारख्या उड्या मारायच्या बाकी होत्या.

"आमच्याकडचंच आहे गं हे! फक्त बाभळी काढून घेतल्यात."

सर ताशी चारच्या वेगाने चालवत होते. त्याच्यापेक्षा जास्त गेलं की धूळ उठते, हे त्यांनी पहिल्या पाचशे मीटरमध्ये शोधून काढलं. दोन सायकलवाले आम्हाला ओलांडून गेले. मग एक म्हातारी बाई पायी. मग मागून एक जीप आली, हॉर्न वाजवत पुढे गेली आणि आमच्या भोवती सगळं नाहीसं झालं. सरांनी ब्रेक मारला.

"निवळू दे."

आम्ही बसलो. काचेबाहेर स्पेन नव्हतं. पाच मिनिटांनी वहिनी म्हणाल्या, "अहो, आपण वाळवंट बघायला आलोय की ते खाली बसायची वाट बघायला?"

"आकडा बघ." सरांनी हातातलं छोटं यंत्र पुढे केलं. आकडा नव्हताच. नुसत्या आडव्या रेघा. यंत्राने हात टेकले होते.

"बिघडलं वाटतं," मी म्हणाले.

"बिघडलं नाही," सर म्हणाले, "त्याला लाज वाटली."

दुपारी पायी जायचं होतं. वहिनी आणि मी बाहेर उभ्या. सर गाडीच्या मागे काहीतरी करत होते. मग ते आले. पांढरा झगा, डोक्यावर पांढरं टोपडं, तोंडावर मास्क, डोळ्यांना चष्मा, पायांत पांढरे मोजे बुटांवरून गुडघ्यापर्यंत. त्या पिवळ्या माळावर, भर उन्हात, एक पांढरा माणूस.

"शोभतंय का हे तुम्हाला?" वहिनी म्हणाल्या.

"कराराप्रमाणे मी 'परत जाऊ' म्हणायचं नाही," आतून आवाज आला. "कपड्यांबद्दल काही ठरलं नव्हतं. पंच?"

मी म्हणाले, "कपड्यांबद्दल ठरलं नव्हतं."

वाटेत एक जर्मन जोडपं भेटलं. सरांना बघून ते थांबले. नवऱ्याने बायकोला हळूच मागे ओढलं आणि इंग्रजीत विचारलं, इथली हवा श्वास घ्यायला सुरक्षित आहे ना? सरांनी यंत्र काढलं आणि त्यांना समजावून सांगायला सुरुवात केली. कण किती, कुठल्या मापाचे, फुफ्फुसात कुठवर जातात. ते जोडपं परत गाडीकडे गेलं. वहिनी हसता हसता एका दगडावर बसल्या.

दुसरा दिवस तसाच गेला, पण मला एक गोष्ट दिसायला लागली. सरांना जमत होतं. घामाघूम व्हायचे, दर शंभर पावलांवर चष्मा पुसायचे, पण चालत होते. एक शब्द काढत नव्हते. संध्याकाळी वहिनींनी फोनवर दादाला सांगितलं, "अंगणात एक बाज टाकून ठेव. हे येतायत." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुमन, तूही ये गं सुट्टीला." मी हसले. रात्री अंथरुणात पडून मी गेमेंटेची सगळी पाकिटं मोजली, मनातल्या मनात.

तिसऱ्या दिवशीची वाट एका कोरड्या घळीतून होती. दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती, मधे पीठ पसरावं तशी बारीक माती. मी पुढे, मधे वहिनी, मागे सर. आणि मी एक वाईट गोष्ट केली. मी पाय न उचलता चालायला लागले. मुद्दाम. बूट घासत, फरफटत, जितकी उडेल तितकी माती उडवत. मला वाटलं, आज तरी सर म्हणतील. म्हणाले की झालं. कुणाला काय कळतंय.

धूळ उडाली. घळीत वारा नव्हता, ती तशीच तरंगत राहिली. मी मागे बघितलं नाही. मागून वहिनींचा आवाज यायचा.

"थांब गं. बघ कसला रंग आहे."

मी थांबायचे. रंग बघायचे. पुन्हा पाय घासत निघायचे. पन्नास पावलांनी परत, "थांब गं. गिधाड बघ." मग वीस पावलांनी. त्या वेळी वर गिधाड नव्हतं. मी वळून बघितलं. वहिनी भिंतीला हात लावून उभ्या होत्या आणि वर बघत होत्या. सर त्यांच्या मागे उभे होते. ते गिधाड बघत नव्हते, यंत्रही बघत नव्हते. वहिनींच्या खांद्यांकडे बघत होते. खांदे वर जात होते, खाली येत होते.

मग सर मटकन खाली बसले. त्या मातीत, पांढऱ्या झग्यासकट. मास्क ओढून काढला.

"विद्या," ते म्हणाले, "परत जाऊ."

वहिनी गर्रकन वळल्या.

"काय म्हणालात?"

"परत जाऊ. माझ्याच्याने होत नाही. घसा बंद झालाय. डोळे बघ." आणि त्यांनी खोकायला सुरुवात केली. जोरात खोकले. मी त्यांना इतकं खोकताना कधी ऐकलं नव्हतं.

"अहो, दीड दिवस राहिला फक्त!" वहिनींचा आवाज चिरका आला. "दीड दिवस! माझ्यासाठी दीड दिवस निघाला नाही तुम्हाला?"

"नाही निघत."

"सुमन," वहिनी म्हणाल्या, "ऐकलंस?"

मला जे हवं होतं ते झालं होतं. मी म्हणाले, "ऐकलं. सर हरले."

"मान्य," सर म्हणाले आणि उठून चालायला लागले. गाडीपर्यंत ते हळू चालले, मधेमधे थांबत, गुडघे धरत. वहिनी पुढे जाऊन रागाने उभ्या राहायच्या, वाट बघायच्या. असं करत करत त्यांनाही बसायला मिळत होतं, हे मला तेव्हा समजलं नाही.

खेड्यातल्या घरी आल्यावर वहिनी आंघोळीला गेल्या, दार आपटून. सरांनी झगा काढून माझ्याकडे दिला. "मागच्या अंगणात झटक. तोंड बांधून घे." मी झटकला. खिशात काहीतरी कडक लागलं. काढलं तर निळा पंप. दम्याचे लोक तोंडात धरून दाबतात तो. आमच्या दौंडच्या आत्याकडे होता तसाच. सील फोडलेलं नव्हतं.

मी तो घेऊन आत आले. "सर, तुम्हाला दमा आहे?"

"मला? छे." त्यांनी पंप माझ्या हातातून घेतला आणि पुसला. मग बाथरूमच्या दाराकडे बघितलं. पाणी पडत होतं.

"तिला बाळदमा होता," ते हळू म्हणाले. "वयात आल्यावर गेला, म्हणते. लग्नाच्या वर्षी दिवाळीची साफसफाई करताना खाली बसली, ती उठेना. ती म्हणते उपास होता म्हणून. डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं. तेव्हा तशी पद्धत होती. मग मी धूळ वाचायला लागलो. नोकरी नंतरची."

"मग आता?"

"आता गेलाय. आकडा खाली असतो तोवर गेलाय. गावी गेलो की तिसऱ्या दिवशी खोकते, म्हणते पाणी बदललं."

"हाउसआर्ट्सना दाखवलं नाही?" आमचा इथला घरचा डॉक्टर म्हणजे हाउसआर्ट्स.

"दर वर्षी नेतो, तपासणीच्या नावाखाली. फुंकून बघतात. न्यूनेनमध्ये चांगलंच येणार."

"सर, मग सांगून टाका ना त्यांना. उगाच तुमच्यावर राग धरून बसतील."

"माझ्यावरचा राग तिला झेपतो," सर म्हणाले. "तीस वर्षांची सवय आहे. स्वतःच्या छातीवर रागावून कुठे जाईल ती? मी नको म्हणालो असतो, तर तिने एकटीने गावी जाऊन बघितलं असतं. इथे निदान गाडी उभी होती आणि पंप खिशात होता."

हे बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्याइतकं शिकलेल्या बाईने ते ठरवूही नये बहुतेक.

बाथरूममधलं पाणी थांबलं. सर पंप खिशात घालत माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि सुमन, पाय उचलून चालत जा."

मला वाटलं, जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. ते ओट्याकडे गेले, चहा ठेवला, तीन कप पुसून घेतले. एवढंच म्हणाले. नंतरही कधी काही नाही. पुढच्या आठवड्यात पाकीट घेऊन गेले, तर फोडून वाचून दाखवलं, नेहमीसारखं.

परतीच्या वाटेवर वहिनी फ्रान्सच्या सीमेपर्यंत बोलल्या नाहीत. मग बोलायला लागल्या आणि बोर्दोपर्यंत थांबल्या नाहीत. सरांचा झगा, सरांचं यंत्र, सरांचा मोठा भाऊ, सगळं निघालं. सर "हो", "खरं आहे", "चुकलंच माझं" एवढंच म्हणत होते, ठराविक अंतराने, गाडीतल्या नकाशावर रस्ता सांगणाऱ्या बाईसारखं.

दुपारी हायवेच्या कडेला एका विश्रांतीच्या जागी थांबलो. झाडाखाली लाकडी टेबल होतं. सर बाजारातली संत्री सोलत बसले. वहिनींनी दादाला फोन लावला. मी ऐकू नये म्हणून दुसरीकडे बघत होते, पण वहिनींचा आवाज बारीक होत नाही.

"दे भाड्याने त्या खोल्या," वहिनी म्हणत होत्या. "नाही रे, नाही जमत. ह्यांना धूळ सोसतच नाही. बसलेच खाली. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, मला बघवेना. ... नाही, रागावले होते, आता नाही. अरे, या वयात कुठे ओढत नेऊ त्यांना? आता सांभाळायचं झालं."

त्यांनी फोन ठेवला आणि सरांशेजारी येऊन बसल्या. थोडा वेळ गाड्या बघितल्या.

"दादा म्हणतोय, भाऊजींना म्हणावं मास्क लावून या, चार दिवस तरी."

"नको गं," सर म्हणाले. "मला नाही सोसत." आणि शिरा काढलेली फोड त्यांच्यापुढे धरली.